रिषभाचे दोन मुक्काम

महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांतून गणपतीत भजन रंगते, तेव्हा मधोमध पेटी असते. बुवांनी 'काळी पाच' सांगितली की पेटीवाला तिला सा मानतो, आणि रे दोन पट्ट्या पलीकडे सापडतो. हे अंतर पेटी करणाऱ्याने कायमचे बांधून टाकलेले असते. गळ्याला ते मान्य असते काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न जुना आहे. भरताने नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती मानल्या. षड्जग्रामातला चार श्रुतींचा पंचम मध्यमग्रामात एक श्रुती उतरून तीन श्रुतींचा होतो, असे त्याने सांगितले. म्हणजे पूर्ण स्वराची पायरीसुद्धा एका मापाची नव्हे. मात्र भरताने आकडे दिले नाहीत. त्याचा भरवसा कानावर.

आकडे मांडण्याचा हट्ट सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी धरला. हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर त्यांनी तारेवर मोजले आणि 1910 मध्ये श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढले. त्यांच्या हिशेबाने मोठी पायरी 9:8 आणि लहान 10:9. छत्तीस इंची तार घ्या. बत्तीस इंच वाजती ठेवली तर मोठा रिषभ, बत्तीस आणि दोन पंचमांश इंच ठेवली तर लहान. फरक अर्ध्या इंचाहूनही कमी!

एवढ्याशासाठी भांडण कशाला? सा 240 आंदोलनांचा धरा. पंचम 360 चा. त्याच्याशी जुळणारा रिषभ 270 चा. पण मधुर धैवत 400 चा, आणि त्याच्याशी नेमका मिळणारा रिषभ 266⅔ चा. एकाची मर्जी राखली की दुसरा रुसतो. गवई रागाची चाल पाहून सरकतो. पट्टीला सरकता येत नाही. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, त्यामुळे तिचा रिषभ सुमारे 269.4 वर बसतो. खरे सांगायचे तर रिषभात ती फारशी चुकत नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गांधाराशी तिचा गांधार ठेवून पाहा, मग घासाघीस ऐकू येईल.

देवलांचे साथी क्लेमंट्स हे सरकारी नोकरीतले इंग्रज गृहस्थ. दोघांच्या उत्साहातून विलायतेत श्रुतींची पेटी तयार झाली. 1916 च्या मार्चमध्ये बडोद्यास संगीत परिषद भरली, तिच्यापुढे ती आली. जमलेल्या गुणिजनांनी ती मानली नाही. भातखंड्यांना तर प्राचीन श्रुती अशा गणिताने ठरवणेच मंजूर नव्हते.

आम्हांस वाटते, देवलांचा कान खरा होता, चूक झाली ती यंत्राच्या लोभात. पट्ट्या बारांच्या बावीस केल्या तरी त्या पट्ट्याच. दोन मुक्काम सापडले, मधली वाट राहिली. तरी देवलांना हसणे आम्हांस जमत नाही. ज्या गायकीला लहरीचा खेळ म्हणून बोळवता आले असते, तिच्यात माप आहे हे त्यांनी दाखवले.

पुढे 1940 मध्ये रेडिओने पेटीच बंद केली आणि सुमारे तीस वर्षे तिला दार उघडले नाही. वाडीतल्या भजनाला त्याची खबरही नव्हती. तिथे बुवा पेटीवरचा रे ऐकतात आणि मग आपल्याला हवा तो लावतात.