वर्गणीची वही

यंदाच्या स्मरणिकेत आभाराचे लेखन मी करावे असे बैठकीत ठरले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी सातवी शिकलेली बाई. आभार मानायचे म्हणजे "सर्वांचे मनःपूर्वक आभार" एवढे एक वाक्य, आणि त्यापुढे माझी लेखणी चालेना. पण वर्गणीची वही वर्षभर माझ्याच कपाटात साड्यांच्या घडीखाली असते. कोणी काय दिले आणि कोण कुठे राबले हे माझ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही, असे अध्यक्षीणबाई म्हणाल्या. तेव्हा बसले लिहायला.

त्याआधी गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. चूक माझी आहे, म्हणून मीच सांगितलेली बरी.

आपल्या गावातली कितीतरी घरे दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात. आईबाप कारखान्याकडे जातात आणि मुली मागे आजीजवळ राहतात, नाहीतर शाळा सोडून आईबरोबर कोपीवर जातात. मागे राहिलेल्या मुलींच्या संध्याकाळच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून मंडळाने गेल्या वर्षी हळदीकुंकवाच्या दिवसांत आनंदमेळावा भरवला. भजी, धपाटे, तिळाच्या वड्या, बायकांनी शिवलेल्या गोधड्या, सगळे विकले गेले. शेवटी मी पाटीवर खडूने आभाराची यादी लिहिली. मंडप देणारे, मोठी पातेली देणारे, शेगडी देणारे, रोख रक्कम देणारे अशी सगळी नावे घातली. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला आलेल्या मावशी त्या पाटीपुढे उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या नातीने वाचून दाखवले. मावशी मला म्हणाल्या, "बाई, भांडं देणाऱ्याचं नाव हाय, भांडं घासणारीचं न्हाई."

त्या रागावल्या नव्हत्या. हसत म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. मला मात्र ती गोष्ट वर्षभर टोचत राहिली. वाचनालयातून मी काही जुनी पुस्तके आणली. आपल्याआधी ज्यांनी दारोदार जाऊन चांगल्या कामासाठी पैसा जमवला, त्यांनी आभार कसे मानले ते पाहावे असे मनात होते. त्यातले जे लक्षात राहिले ते इथे मांडते.

महर्षी कर्व्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला तो विधवा मुलींसाठी. तीन वर्षे आधी, १८९३ साली, त्यांनी स्वतः गोदूबाई या विधवेशी लग्न केले होते आणि त्यापायी मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. अशा माणसाला वर्गणी कोण देणार? पदरचे एक हजार रुपये त्यांनी आरंभी घातले आणि आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीही संस्थेला दिली. पुढे रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जागा आणि झोपडीवजा इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली आश्रम तिथे गेला. (हिंगणे आणि हिंगोली यांत माझ्या धाकट्या जावेचा घोटाळा झाला होता. आश्रम आपल्या गावात होता असे ती चार जणींना सांगून आली. तसे नाही, हिंगणे पुण्याजवळचे.) कर्वे दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चिखल तुडवत पायी हिंगण्याला यायचे. सुट्टी लागली की गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायची. पै-पैचा हिशेब ठेवायचा.

पण मला जास्त जवळच्या वाटल्या त्या पार्वतीबाई आठवले. बाया कर्व्यांच्या, म्हणजे लग्नाआधीच्या गोदूबाईंच्या, या सख्ख्या बहीण. जन्म १८७० चा, देवरुखचा. विशीत वैधव्य आले, पदरी एक मुलगा, केशवपन झालेले. बहिणीच्या मागोमाग त्या पुण्याला आल्या, शिकल्या, आश्रमात काम करू लागल्या आणि मग संस्थेसाठी फंड गोळा करायला बाहेर पडल्या. आपण आज चार घरी वर्गणीला जातो तर जाताना दोघी-तिघी मिळून जातो, आणि पहिल्या दारापाशी "तू बोल, तू बोल" असे एकमेकींना ढकलतो. त्या काळी एका विधवा बाईने परक्या गावी उतरायचे, सभेत उभे राहायचे, विधवांच्या शिक्षणाबद्दल बोलायचे आणि पैसे मागायचे, म्हणजे काय झाले असेल याचा विचार करावा. ज्यांच्याकडे मागायचे, त्यांतल्या कितीतरी जणांना असे काम करणे हेच मुळी पाप वाटत असणार.

पार्वतीबाईंची पुढची गोष्ट मी दोनदा वाचली. इंग्रजी आले तर कामाचा विस्तार होईल म्हणून १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. जवळ पैसा नाही, भाषा येत नाही. तिथे पोट भरण्यासाठी त्यांनी लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले आणि तसेच इंग्रजी शिकत राहिल्या. १९२० साली परत आल्या. पुढे १९२८ साली त्यांनी "माझी कहाणी" लिहिली, म्हणून हे आपल्याला कळते. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सारख्या आपल्या मावशी येत होत्या. संस्थेसाठी बाहेर पडलेली बाई परमुलखात दुसऱ्याची भांडी घासते, आणि तिचे नाव आपण पुस्तकात वाचून तिला हात जोडतो. इथे आपल्या मोरीशी बसलेल्या बाईचे नाव पाटीवर घालायला मात्र आपल्याला सुचत नाही. "आपण" म्हणते, पण पाटी मीच लिहिली होती.

पार्वतीबाई परत आल्या त्याच साली कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला मोठी देणगी मिळाली. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले. १९२० सालचे पंधरा लाख! विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव पडले ते त्यामुळे. नाथीबाई म्हणजे देणगीदाराची आई. आमच्या मंडळातल्या काही जणींना मोठ्या देणगीदाराचे नाव ठळक छापणे पटत नाही, त्याला पैशाचा मान म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्याने दिले त्याचे नाव लागलेच पाहिजे, आणि एका बाईचे नाव हजारो मुलींच्या पदवीच्या कागदावर आले, यात वाईट काय आहे? तक्रार एवढीच, की तेवढेच नाव लागून थांबू नये.

थोड्या-थोड्या पैशाचीही एक मोठी गोष्ट आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला, आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा देणाऱ्याचे नाव कुठे लिहिणार? ते शक्यच नव्हते. तो पैसा मागायला किती जण किती दारे हिंडले असतील, याचा हिशेब तर कोणीच ठेवू शकत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मुष्टिफंड होता. घरातल्या बाईने रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे, ते गोळा होऊन वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात जायचे. संस्था १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे निघाली, १९२४ साली साताऱ्याला आली. सगळ्या जातींची मुले एकत्र राहायची, एकत्र जेवायची, आणि त्यांना रांधून घालणाऱ्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. अंगावरचे दागिने त्यांनी एकेक करून वसतिगृहासाठी दिले. एके दिवशी घरात दाणा उरला नाही तेव्हा मंगळसूत्रही विकले. १९३० साली त्या गेल्या. संस्थेचे पुढचे वैभव त्यांनी पाहिले नाही. मंगळसूत्राची गोष्ट भाषणात सगळे सांगतात. रोजच्या स्वयंपाकाची गोष्ट कोणी तितकी सांगत नाही, आणि मला तर तीच जड वाटते. दागिना एकदा द्यायचा असतो, चूल रोज पेटवावी लागते.

आपल्या भागात तर या गोष्टीला जुना आधार आहे. नरसी नामदेव आपल्याच जिल्ह्यातले. नामदेवांच्या घरी जनाबाई दळण दळायच्या, आणि त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल जात्याला हात लावायचा अशी आपली श्रद्धा आहे. म्हणजे पहिला स्वयंसेवक कोण, हे आपल्याला लहानपणीच सांगून ठेवलेले आहे.

माझी स्वतःची एक आठवण. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, सगळी गाढ झोपेत, आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्याकडे फळीवरची भांडी खाली आली तेवढेच. किल्लारी, सास्तूर आणि लातूर-उस्मानाबादकडची कितीतरी गावे मात्र गाडली गेली. सुमारे आठ हजार माणसे गेली. तेव्हा मी सातवीत होते, आणि आपला हिंगोली जिल्हाही नव्हता. तो १९९९ साली झाला, तेव्हा आपण परभणीत होतो. शाळेने मदतफेरी काढली. आम्ही चार मुली चादरीचे चार कोपरे धरून गल्लीगल्लीतून फिरलो. वरून नाणी पडायची, ज्वारी पडायची, एका म्हातारीने कानातले काढून टाकले. चादर जड झाली की शाळेचे शिपाईमामा ज्वारी पोत्यात भरून डोक्यावर न्यायचे. दिवसभरात किती खेपा केल्या देव जाणे. संध्याकाळी प्रार्थनेच्या मैदानावर देणाऱ्यांची नावे वाचून दाखवली, टाळ्या झाल्या. मामा पाठीमागे पोती शिवत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी ते पाहिले होते, तरी एवढ्या वर्षांनी पाटी लिहिताना मीही तेच केले.

आता यंदाचे. जमाखर्च शेवटच्या पानावर छापला आहे, तो प्रत्येकीने पाहावा. ज्या दुकानदारांनी किराणा दिला, ज्यांनी मंडपाचे भाडे घेतले नाही, ज्यांनी मोबाईलवरून परगावाहून पैसे पाठवले, त्यांची नावे त्यात आहेत आणि मंडळ त्यांचे मनापासून ऋणी आहे. बाजारात हळदीचा भाव पडलेला असतानाही काही शेतकरी कुटुंबांनी हळद दिली, हे मुद्दाम नमूद करते.

यावेळी दुसरी यादीही केली आहे. भजी तळताना जिच्या हातावर तेल उडाले आणि तरी जी उठली नाही ती. मध्यरात्री मंडपाची राखण करणारी दोन मुले. रांगेतल्या लेकरांना पाणी देणारी कॉलेजची मुलगी. खुर्च्या वाहणारे, उष्टी पत्रावळ उचलणारे. वही घेऊन दोन दिवस मी प्रत्येकाच्या घरी गेले आणि नाव कसे लिहायचे ते विचारले, कारण अर्ध्या जणींची आपण हाक मारतो ती नावे आणि खरी नावे वेगळीच निघाली. इतक्या वर्षांच्या ओळखीत काही जणींचे आडनावसुद्धा मला माहीत नव्हते.

मावशींकडे मी सगळ्यात आधी गेले होते, मेळाव्याच्याही आधी. यंदा त्या येणार नाहीत असे कोणीतरी सांगितले होते. मी ओट्यावर बसले आणि गेल्या वर्षीची चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "लई मनावर घेतलं तुम्ही. मव्हं गुडघं दुखतंय म्हणून येणार नव्हते." मग चहा केला. गुडघा दुखत असूनही आल्या, आणि यंदा त्यांना खाली बसू न देता आम्ही नळाजवळ उंच बाक लावला. भांडी घासायला त्यांच्याबरोबर मंडळातल्या आम्ही पाच जणी होतो. पातेल्याची काजळी काढायला किती जोर लागतो हे तेव्हा समजले.

यादी मोठी झाली, छपाईचे एक पान वाढले. त्याचा खर्च कोणी करायचा यावर बैठकीत थोडी वादावादी झाली, ती मिटली. मावशींच्या नातीने स्मरणिका आली की आजीचे नाव स्वतः शोधून काढायचे कबूल केले आहे. ती यंदा सातवीत आहे.

दोन मोठी पातेली आणि एक झारा अजून माझ्याकडे पडून आहेत. पातेल्यांवर नाव कोरलेले आहे पण ते घासून पुसट झाले आहे. ज्यांची असतील त्यांनी ओळखून न्यावीत. दुपारी तीननंतर मी घरीच असते.