क्यूबन सँडविच

क्यूबन सँडविच : लांबट क्यूबन पावात भाजलेले डुकराचे मांस, हॅम, स्विस चीज, मुरविलेल्या काकडीच्या चकत्या आणि मोहरीची चटणी भरून तयार केलेला व दाबून शेकलेला खाद्यपदार्थ. क्यूबा आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्य यांच्या दरम्यान चालणाऱ्या कामगारांच्या ये-जा करण्यातून तो रूढ झाला. त्याच्या मूळ स्थानाविषयी मात्र एकमत नाही.

क्यूबातील पहिल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या (१८६८–७८) धामधुमीत व्हीसेंते मार्तीनेस ईबॉर ह्या स्पॅनिश उद्योजकाने आपला सिगारनिर्मितीचा व्यवसाय १८६९ मध्ये हॅव्हानाहून की वेस्ट येथे हलविला. पुढे १८८५-८६ मध्ये त्याने टँपाजवळ ईबॉर सिटी ही कामगार-वसाहत वसविली. १८८७ मध्ये ती टँपा शहरात समाविष्ट झाली. क्यूबन, स्पॅनिश आणि सिसिलीतून आलेले इटालियन कामगार तेथे एकत्र राबत. सिगारी वळताना त्यांना वृत्तपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखविणारा वाचक (लेक्तोर) त्यांच्याच वर्गणीतून नेमला जाई. १९३१ मध्ये कारखानदारांनी ही प्रथा बंद केली. ह्याच कामगारवर्गात हे सँडविच रोजच्या आहाराचा भाग बनले.

यासाठी लागणाऱ्या पावाच्या कणकेत डुकराची चरबी घालतात. भाजण्यापूर्वी कणकेवर पामेटो ह्या ताडवर्गीय वनस्पतीच्या पानाची पट्टी ठेवतात. त्यामुळे पाव तेथेच उकलतो व त्यावर लांब चीर पडते. भरलेला पाव दोन तप्त सपाट पत्र्यांमध्ये दाबून शेकला म्हणजे कवच कुरकुरीत होते व आतील चीज वितळते.

टँपामध्ये ह्या सँडविचात सलामीही घालतात आणि तिचे श्रेय सामान्यतः इटालियन शेजाऱ्यांना दिले जाते. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून मायॅमीत स्थायिक झालेल्या निर्वासितांना ती मान्य नाही. २०१२ मध्ये टँपाच्या नगरपरिषदेने सलामीयुक्त सँडविचाला शहराचे वैशिष्ट्यपूर्ण सँडविच म्हणून मान्यता दिल्यावर हा वाद अधिकच गाजला. वरकरणी तो एका चकतीचा वाद असला, तरी त्याच्या मुळाशी दोन भिन्न स्थलांतरांचा इतिहास आहे. मायॅमीकरांच्या दृष्टीने हे सँडविच गमावलेल्या मायदेशाची खूण होय. टँपामध्ये ते अनेक देशांच्या श्रमिकांनी मिळून उभारलेल्या वस्तीचे स्मारक ठरले आहे. सिगारेटचा प्रसार, यांत्रिकीकरण आणि १९६२ मध्ये क्यूबन मालावर घातलेली बंदी यांमुळे तेथील बहुतेक सिगार कारखाने बंद पडले. त्या कामगारांचा आहार मात्र टिकून आहे.