रक्तावरची साय

मे १९१७. होमरूल लीगच्या पहिल्या वर्धापनदिनाला लोकमान्य टिळक नाशिकला बोलले. साठी गाठलेले टिळक मधुमेही होते. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी त्यासाठीच सातूचा आहार धरला होता. पथ्यापलीकडे त्या काळी फारसा इलाज नव्हता. ऑगस्ट १९२० मध्ये टिळक गेले आणि पुढच्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिन सापडले.

ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नसे, त्यांना मात्र पथ्यही तारत नसे. आधी खोल, धापा टाकल्यासारखा श्वास, मग बेशुद्धी आणि मृत्यू. आडोल्फ कुस्माउल या जर्मन डॉक्टरने हा श्वास १८७४ मध्ये नोंदवला. अशा काही रुग्णांच्या रक्तातला द्रव चक्क दुधाळ निघे. नळी रात्रभर थंडीत उभी ठेवली की वर सायीसारखा थर धरे. १८८० मध्ये हेल या डॉक्टरला तर रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्याच दुधाळ दिसल्या.

ही सगळी चरबी ताटातून थेट आलेली नसते. इन्सुलिन आटले की शरीरातला मेदसाठा सुटतो. मेदाम्ले यकृतात पोहोचतात. काहींची कीटोन होतात आणि रक्त आम्लधर्मी बनते, काहींची ट्रायग्लिसराइड होऊन पुन्हा रक्तात उतरतात. ती फोडणारे रक्तवाहिन्यांतले विकरही (एन्झाइम) इन्सुलिनविना मंदावते. याच मेदकणांतून कोलेस्टेरॉलही फिरते, म्हणून एकूण आकडा फुगतो. चांगले म्हणवले जाणारे एचडीएल मात्र घटते.

जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचले गेले. ११ तारखेच्या पहिल्या डोसाने फारसे साधले नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कॉलिपने शुद्ध केलेला अर्क २३ तारखेला दिला, तेव्हा साखर उतरली आणि कीटोन हटले. आजही अशा आणीबाणीत सलाइन, इन्सुलिन आणि पोटॅशियमवरची नजर हाच उपचाराचा कणा आहे. इन्सुलिन मिळताच मेदसाठा सुटणे थांबते आणि ट्रायग्लिसराइड काही दिवसांत झपाट्याने उतरतात.

डॉक्टरांना आणि रुग्णाच्या घरच्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक हवी: आयसीयूतल्या पहिल्या दिवसाचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट त्या संकटाचा असतो. ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असतील, तर नेहमीच्या सूत्राने काढलेला एलडीएलही भरवशाचा नसतो. साखर ताब्यात आल्यावर, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीचे प्रमाण ते आकडे, वय आणि हृदयविकाराचा एकूण धोका पाहून ठरवायचे.