ऑनलाइन मुक्त व्यवसाय

कोणाचीही कायम नोकरी न पत्करता इंटरनेटवरून कामे मिळवून ती ठरलेल्या मोबदल्यात पुरी करून देण्याचा व्यवसाय. मुक्त पत्रकार आणि घरबसल्या काम करणारे अनुवादक मराठीत जुनेच. इंटरनेटमुळे त्यांचे गिऱ्हाईक परदेशातलेही झाले. अशी कामे मिळवून देणाऱ्या ईलान्स आणि ओडेस्क या संकेतस्थळांच्या विलीनीकरणानंतर 2015 मध्ये ‘अपवर्क’ हे नाव आले. इस्राएलमधील ‘फायव्हर’ 2010 मध्ये सुरू झाले. अशी संकेतस्थळे मिळकतीतून आपले कमिशन कापून घेतात.

नवख्याची खरी अडचण पहिले काम मिळवण्याची असते. आधीच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय नाहीत म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अभिप्राय नाहीत. हा पेच कामाच्या नमुन्यांनी सुटतो. मराठी अनुवादकाने दोन-तीन विषयांतले छोटे उतारे स्वतःहून अनुवादून दाखवावेत. लांबलचक परिचयापेक्षा ते अधिक बोलतात. दर फार पाडू नये, पुढे तो वाढवणे जड जाते. काम देण्याआधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा गिऱ्हाईक बहुधा ठग असतो. कामाची व्याप्ती, दुरुस्त्यांची संख्या आणि पैसे देण्याची तारीख लेखी घ्यावी. मोठ्या कामात काही रक्कम आगाऊ मागण्यात संकोच नसावा.

पॅन, बँक खाते आणि बिलांची नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांवर गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते.