खुरांच्या आरोग्यासाठी दुधाळ गाईंची निवड-पैदास

खुरांच्या रोगांना कमी बळी पडणाऱ्या वळूंची व गाईंची पुढील पिढीसाठी निवड करण्याची पद्धत. लंगडणाऱ्या गाईला वेदना होतात, तिचे दूध घटते आणि ती वेळेआधीच कळपातून बाद होते. डेन्मार्क, फिनलंड व स्वीडन येथे खुरे छाटणारे कारागीर तळव्याचा व्रण, त्वचादाह इत्यादी विकारांची गाईनिहाय नोंद करतात. या नोंदींवरून वळूंच्या मुलींची तुलना होऊन वळूचा खूर-निर्देशांक ठरतो.

या विकारांची आनुवंशिकता कमी, बहुधा दहा टक्क्यांच्या आत असते. म्हणून ओला गोठा व कठीण जमीन सुधारणे पुरेसे आहे, असा आक्षेप घेतला जातो. गोठा सुधारलाच पाहिजे. पण आनुवंशिकता कमी असली तरी वळूवळूंमधील फरक मोठा असतो आणि पुष्कळ मुलींच्या नोंदींतून तो विश्वसनीयपणे ओळखता येतो. जनुकीय चाचणीमुळे तरुण वळूंचाही अंदाज बांधता येतो. शिवाय गोठ्याची काळजी रोज घ्यावी लागते, तर आनुवंशिक सुधारणा पिढ्यानपिढ्या साचत जाते. केवळ दुधासाठी केलेली निवड खुरांना अपायकारक ठरू शकते. त्यामुळे दोन्ही गुणांची एकत्रित निवडच योग्य होय. महाराष्ट्रातील संकरित होल्स्टीन गाईंसाठीही पद्धतशीर खूर-नोंदी ही पहिली गरज आहे.