वाळवंटांतील वाद्यवृंद

कॅलिफोर्नियांतील पाम डेझर्ट या गांवीं श्रीमंतांचे बंगले पुष्कळ आणि सभोंवार वाळूही पुष्कळ. तरुणांना मनसोक्त वाजविण्यास मात्र जागा नव्हती. १९८७ च्या सुमारास तेथील शाळकरी मुलांनीं एक संच जमविला. विजेचें जनित्र गाडींत घालून ते वाळवंट गांठीत आणि तेथें रात्रीं मैफल रंगे. हाच पुढें ‘कायस’ म्हणून गाजलेला संच.

जॉश हॉमी आपली गिटार नेहमींच्या सुराहून बरीच खालीं लावी व खर्जाच्या गिटारीकरितां असलेल्या ध्वनिवर्धकांतून ती वाजवी. त्या जड, धुळकट नादाला दुसरी उपमा आम्हांस सुचत नाहीं. १९९२ चा ‘ब्लूज फॉर द रेड सन’ आणि १९९४ चा ‘वेलकम टु स्काय व्हॅली’ हे त्यांचे खरे कीर्तिस्तंभ. दुसऱ्यांत तर गीतें तीन दीर्घ खंडांत गुंफलेलीं आहेत. श्रोत्यानें मधूनच उठूं नये, हा त्यांतील हट्ट आम्हांस आवडतो!

१९९३ मध्यें ऑस्ट्रेलियांत मेटॅलिकाच्या जलशांतून वाजवूनही खप बेताचाच राहिला आणि १९९५ सालीं संच मोडला.

वाईट वाटतें तें पुढील प्रकरणाचें. गायक जॉन गार्सिया व तालवादक ब्रँट ब्यॉर्क यांनीं जुन्या नांवाचा पुनरुद्धार करूं म्हटलें, तों २०१२ सालीं हॉमी व स्कॉट रीडर हे जुने सोबती न्यायालयांत गेले. त्या नांवानें ध्वनिमुद्रण करण्यास मनाई झाली. तेव्हां ‘व्हिस्टा चीनो’ असें नवें नांव घेऊन त्यांनीं २०१३ सालीं संग्रह काढिला. त्याचें नांव ‘पीस’, म्हणजे शांति.