वळिवड्याची पोलिश वसाहत आणि अनाथ मुलांच्या पालकत्वाचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे वसलेल्या पोलिश निर्वासितांच्या वसाहतीचा उल्लेख बहुधा संस्थानी आतिथ्याचे उदाहरण म्हणून केला जातो. हे आतिथ्य खरे होते, यात संशय नाही. तथापि एवढ्या वर्णनाने त्या घटनेचे स्वरूप पुरते उकलत नाही. जागा कोणाची, पैसा कोणाचा आणि पोरक्या मुलांचा पालक कोण, हे तीन प्रश्न परस्परांपासून वेगळे आहेत. आणि यांपैकी तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात कॅथॉलिक धर्मसंस्थेचे कार्य प्रामुख्याने आढळते.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत संघ यांनी पोलंडची वाटणी केली. पुढील दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील तीन लाखांहून अधिक नागरिक सायबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत हद्दपार झाले. जुलै १९४१ च्या सोव्हिएत-पोलिश करारानंतर त्यांपैकी काहींची सुटका झाली, आणि १९४२ मध्ये जनरल आंडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो स्त्रिया व मुले इराणात पोहोचली. अन्नान्नदशा आणि विषमज्वर यांनी वाटेत कित्येकांचा बळी घेतला. इराणातून या लोकांची पांगापांग पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान येथे झाली.

कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील वळिवडे येथे १९४३ मध्ये छावणी उघडली. तेथे सुमारे पाच हजार लोक राहिले. त्यांत स्त्रिया व मुले यांचाच भरणा होता, कारण कर्ते पुरुष सैन्यात होते, बेपत्ता होते किंवा मरण पावले होते. बैठ्या, लांबट चाळी, शाळा, रुग्णालय आणि चर्च अशी तिची रचना होती. सातारा जिल्ह्याचाही या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. वेण्णाखोऱ्यातील मेढ्याच्या उत्तरेस डोंगरमाथ्यावर वसलेल्या पाचगणीची हवा क्षयरोग्यांस मानवते अशी ख्याती असल्यामुळे, छातीच्या विकाराने पीडित पोलिश रुग्ण व अशक्त मुले तेथे पाठविली जात. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या तेथील सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंटमध्ये काही पोलिश मुलींनी शिक्षणही घेतले.

आता खर्चाचा प्रश्न. वळिवड्याचा भार मुख्यतः लंडनस्थित पोलिश सरकारने उचलला, व त्या सरकारला पैसा ब्रिटनकडून कर्जरूपाने मिळत असे. म्हणजे छावणीचा आर्थिक पाया राजकीय होता, धार्मिक नव्हे. धर्मसंस्थेचे काम निराळे होते. पोलिश धर्मगुरूंनी उपासनेबरोबरच शिक्षण व बालवीर चळवळ यांत लक्ष घातले, आणि सणवारांच्या द्वारे मुलांची भाषा व स्मृती टिकविली. वळिवड्यात बालवीरांचे काम करणारे झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हे पुढे स्वतःच धर्मगुरू झाले, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील नव्या राजवटीस ती दिली. या निर्णयाने निर्वासितांचा कायदेशीर आधार नाहीसा झाला. सर्वांत बिकट अवस्था अनाथांची झाली. नवानगर संस्थानातील बालाचडी येथे जाम साहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ पासून पोलिश मुलांना आश्रय दिला होता, आणि फादर फ्रान्सिशेक प्लुता हे त्या छावणीचे प्रमुख होते. मुलांना सक्तीने परत पाठविले जाईल या भीतीने जाम साहेब, फादर प्लुता आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी अनाथांचे कायदेशीर पालकत्व संयुक्तपणे स्वीकारले. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद होऊन तेथील मुले वळिवड्यास आली. फादर प्लुतांनी काही मुलांना अमेरिकेतील कॅथॉलिक संस्थांकडे नेले, तेव्हा त्यांच्यावर मुले पळविल्याचा आरोप झाला. एका बाजूने जे संरक्षण, तेच दुसऱ्या बाजूने अपहरण ठरले.

हा वाद केवळ हिंदुस्थानापुरता नव्हता. १९४३ मध्ये मुंबईहून ‘हर्मिटेज’ या जहाजाने गेलेले सातशेहून अधिक पोलिश निर्वासित मेक्सिकोतील लेओनजवळच्या सांता रोसा वसाहतीत पोहोचले. तेथील अनाथांची निगा अमेरिकेतून आलेल्या फेलिशियन भगिनींनी घेतली. अमेरिकन बिशपांनी त्याच वर्षी स्थापिलेल्या ‘वॉर रिलीफ सर्व्हिसेस’ या संस्थेच्या आरंभीच्या कामांत सांता रोसाची गणना होते. १९५५ मध्ये हीच संस्था ‘कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस’ झाली. स्वधर्मीय निर्वासितांपासून सुरू झालेले साहाय्य पुढे धर्मभेद ओलांडून जगभर पसरले. हे स्थित्यंतर ध्यानात घेतले म्हणजे पोलिश अनुभवाचे महत्त्व कळून येते.

तथापि या साहाय्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ज्या १९४३ साली वळिवड्याच्या चाळी भरू लागल्या, त्याच साली बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. पोलिश कुटुंबांच्या मागे एक मित्रराष्ट्र उभे होते, आणि त्यांची दखल घेणारी जागतिक धर्मसंस्थाही होती. बंगालच्या भूमिहीनांना असा वाली नव्हता. करुणा सार्वत्रिक असली, तरी ती पोहोचविणारे मार्ग राजकारणाने आखलेले असतात.

वळिवड्याची छावणी १९४८ मध्ये संपली. बहुसंख्य रहिवासी ब्रिटनकडे व अन्य देशांकडे गेले, आणि फाळणीने विस्थापित झालेले सिंधी त्या चाळींत राहावयास आले. त्यातूनच आजचे गांधीनगर उभे राहिले. एकाच छपराखाली एकामागून एक दोन निर्वासित समाज नांदले. पहिल्याची स्मृती कोल्हापूर व वॉर्सा येथील स्मारकांनी जपली आहे. दुसऱ्याचा इतिहास मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला असून, दोहोंचा एकत्रित अभ्यास झाल्यावाचून वळिवड्याचे मूल्यमापन पुरे होणार नाही.